गुरुदत्तचा काळोख

गुरुदत्त म्हटलं की 'प्यासा' आठवतो. पण दिग्दर्शक म्हणून त्याची सुरुवात झाली ती क्राइम पिक्चरने! ९ जुलै १९२५ ला बंगळूरमध्ये जन्मलेला हा मुलगा अल्मोड्याला उदय शंकर यांच्याकडे नृत्य शिकला आणि १९४४ मध्ये पुण्याच्या 'प्रभात'मध्ये आला. तिथे देव आनंदशी दोस्ती जमली. जो आधी पुढे जाईल त्याने दुसऱ्याला चान्स द्यायचा, असं ठरलं. देव आनंदने शब्द पाळला आणि १९५१ मध्ये 'बाजी' आला. जुगाराचा क्लब, सिगारेटचा धूर, सावलीतले चेहरे. स्टाइल हॉलिवूडच्या नॉयरची, पण गोष्ट मुंबईची.

१९५९ चा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप. तो साफ पडला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलंच नाही. १० ऑक्टोबर १९६४ ला, अवघ्या ३९ व्या वर्षी तो गेला.

त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं. फिल्मवर चरे पडतात, धूळ बसते. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे जवळजवळ अडीच तासांच्या 'प्यासा'च्या दोन लाखांहून जास्त! त्या स्कॅन करून साफ करायच्या. चरे काढायचे, पण सावली तशीच ठेवायची. इथे नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही, पिक्चरही कळावा लागतो. जन्मशताब्दीला, २०२५ मध्ये, त्याचे रिस्टोअर केलेले सिनेमे पुन्हा थिएटरात लागले. पडलेल्या पिक्चरचा दिग्दर्शक हे बघायला मात्र नव्हता.

तेव्हा कॅम्प १ च्या हॉस्टेलवर लॅपटॉपवर 'बाजी' लावाल, तर प्लीज, ब्राइटनेस वाढवू नका!