एड्सगर डाइक्स्ट्रा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याहि शाळेंत शिक्षक गणित सोडवीत असतां शिपाई सूचनेची वही आणितो. शिक्षक आपली पायरी ध्यानांत ठेवून सही करितात व तेथूनच गणित पुढें चालवितात. कळफलक, घड्याळ इत्यादि उपकरणें संगणकास अशीच मध्यें हांक मारितात. तिला 'इंटरप्ट' म्हणतात.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म हॉलंडांत रॉटरडॅम येथें १९३० सालीं झाला. १९५२ पासून ते ॲम्स्टरडॅमच्या गणित-केंद्रांत काम करूं लागले. सहकारी लोप्स्ट्रा व स्खोल्टन यांनीं 'एक्स-१' यंत्रांत या हांकेची योजना सुचविली, तेव्हां ते कचरले. हांक कोणत्या क्षणीं येईल याचा नेम नाहीं. सबब एकदां घडलेली चूक पुन्हां घडवून तपासतां येत नाहीं. केवळ चांचणीवर न विसंबतां, चालू कामाची स्थिति जपणारी, हांकेची सेवा करणारी व पूर्वस्थिति परत देणारी आज्ञावलि त्यांनीं विचारपूर्वक रचिली. १९५९ सालचा त्यांचा प्रबंध याच विषयावर आहे. पुढें आइंडहोव्हन येथील प्रणालींत घड्याळाची हांक त्यांनीं सर्वांत खालच्या थरांत बंदिस्त केली. वरच्या आज्ञावलींस तिची झळ लागेनाशी झाली. १९७२ सालीं त्यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. २००२ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, जेथें चूक पकडणारा कोणी नाहीं तेथें अधिकच दक्ष राहावें, हा बोध आम्हांस या चरित्रांत दिसतो.