मंगेशीचे दीनानाथ आणि सीमेवरची आपली मराठी

जामसांवलीला निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला मंगळवार-शनिवारी जी गर्दी लोटते, तिच्यात नुसते कान उघडे ठेवून उभे राहिले तरी आपल्या भाषेचे सगळे दुखणे समजते. आजी नातवाशी मराठीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो. नागपूरचे पाहुणे आजीच्या बोलण्यातली हिंदी शब्दांची सरमिसळ ऐकून हसतात, आणि छिंदवाड्याकडचे साहेब तिची हिंदी ऐकून हसतात. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले, तेव्हापासून हे हसणे चालू आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, दोन्ही तहसिली एका जिल्ह्यात आल्या. हसणे काही थांबलेले नाही. पोरे लाजतात आणि घरातसुद्धा मराठी सोडतात. आमची मराठी शुद्ध नाही, मग बोलायची कशाला, असा हा हिशेब आहे.

या हिशेबाला उत्तर म्हणून आम्ही आज व्याकरणाचा धडा देणार नाही. एका नटाची हकीकत सांगणार आहोत. मराठी रंगभूमीवर ज्याच्या गाण्याची आणि रूपाची जाणकारांनी तोंडभरून तारीफ केली, ते मास्टर दीनानाथ मंगेशकर महाराष्ट्रात जन्मलेले नव्हते.

२९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातल्या मंगेशी गावी त्यांचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते आणि ते १९६१ पर्यंत राहिले. सरकारची भाषा पोर्तुगीज, घरादारात बोलायची कोंकणी, आणि देवळात कीर्तन-भजन-नाटक मराठीत. आई येसूबाई मंगेशाच्या देवळाच्या सेवेतल्या घराण्यातली, गळ्याची चांगली. वडील त्याच देवळाचे पुजारी. समाजाच्या त्या वेळच्या रीतीप्रमाणे मुलाला वडिलांचे नाव लावता येण्याजोगे नव्हते, म्हणून त्याने गावाचे नाव लावले. मंगेशीचा तो मंगेशकर. पुढे साऱ्या हिंदुस्थानात गाजलेले हे आडनाव अशा रीतीने आलेले आहे.

लहानपणीच बाबा माशेलकरांकडे गाण्याचे पहिले धडे झाले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधला. बुवा सावंतवाडीकडचे, पण विद्या मिळवली ग्वाल्हेरला, निसार हुसेन खाँसाहेबांकडे. म्हणजे आज ज्या मध्य प्रदेशात आपण राहतो, तिथून निघालेले गाणे कोकणच्या बुवांच्या मार्फत गोव्याच्या पोराच्या गळ्यात उतरले. त्यात पुढे बिकानेरच्या सुखदेवप्रसादांची तालीम मिळाली आणि पंजाबी ढंगाचा रंगही भरला. कोणत्याही एका प्रांताचा शिक्का त्या गळ्यावर बसलाच नाही.

१९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले आणि त्या नामांकित कंपनीला गाणाऱ्या पोरसवद्या नटाची निकड भासली. त्या सुमारास दीनानाथ कंपनीत आले. चौदा-पंधरा वर्षांचे वय, गोरापान देखणा चेहरा आणि वरच्या सप्तकात सहज खेळणारा आवाज. तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, हे आजच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. नुसते गाऊन भागत नसे. चालणे, मुरकणे, पदर सावरणे, गाता गाता हाताने आणि डोळ्यांनी भाव दाखवणे, सगळे अंगात मुरवावे लागे. कंपनीचे घर हीच शाळा. पहाटे उठून गळ्याची मेहनत, दिवसा तालमी, रात्री नाटक, आणि आठवड्या-पंधरवड्यांनी गाशा गुंडाळून पुढचे गाव.

१९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर दीनानाथांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि बळवंत संगीत मंडळी उभी केली. वय अवघे सतरा-अठरा. कंपनीला नाव दिले ते लोकमान्यांचे. पाठीशी आशीर्वाद होता राम गणेश गडकऱ्यांचा.

आता आमच्या वाचकांनी जरा इकडे लक्ष द्यावे, कारण ही गोष्ट आपल्या दाराशी येते. गडकऱ्यांचा जन्म गुजरातेत नवसारीचा, बालपण गुजराती मुलखात गेलेले. मराठीतल्या सर्वांत भरजरी गद्याचा हा मालक सीमेपलीकडचाच माणूस. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन ते शेवटी आले कुठे, तर सावनेरला. सौंसरहून नागपूरची गाडी धरली की वाटेत लागते तेच हे सावनेर. आपले कितीतरी लोक बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला तिथे जातात. तिथे त्यांनी भावबंधन नाटकाचा शेवटचा अंक पुरा केला आणि त्यानंतर काही तासांतच, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्राण सोडला. हे नाटक पुढे बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका, या जोडीने ते गाजवले. लतिका म्हणजे तोंडाने फटकळ, खोडकर, आतून हळवी अशी पोरगी. गडकऱ्यांची कोट्यांनी लगडलेली भाषा नटाची जीभ अडखळवणारी असते. घरी कोंकणी बोललेल्या त्या तरुणाने ती अशी म्हटली की पुणे-मुंबईच्या प्रेक्षकाला ती आपल्याच घरातली वाटली. शिकला, घोकली, म्हटली. त्यात जादू काही नाही.

तारीफ मात्र एकमुखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या रसिकांना बालगंधर्वांच्या गाण्याची सवय. तिथे सूर लोण्यासारखा, लय संथ, प्रत्येक शब्द कुरवाळलेला. दीनानाथांचे गाणे याच्या अगदी उलट्या अंगाचे. विजेसारखी तान, मध्येच अनपेक्षित वळण, रागाच्या कडेला जाऊन परत येणे. काहींना हे नाटकात जास्त वाटे. तानेच्या वर्षावात शब्द भिजून जातो, अशी तक्रार असे. मानापमानातल्या धैर्यधराची पदे त्यांनी स्वतःच्या चालींनी गायला सुरुवात केली तेव्हा जुने लोक बिचकले. ऐकून ऐकून सवय झालेल्या चाली बदलणे म्हणजे घरच्या देवाची मूर्ती हलवण्यासारखे. पण प्रयोगागणिक लोक त्या चालींसाठीच येऊ लागले. खुद्द बालगंधर्वांनी, हा मुलगा माझ्या कंपनीत येईल तर त्याच्या वाटेवर रुपयांच्या पायघड्या घालीन, अशा अर्थाचे उद्गार काढले होते, असे सांगितले जाते.

आमचे मत विचाराल तर दीनानाथांची खरी जागा तेजस्वी भूमिकांत होती. रणदुंदुभी हे नाटक १९२७ चे. लिहिणारे वीर वामनराव जोशी, अमरावतीचे, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले. पांढुर्ण्याहून वरुडमार्गे अमरावती ती किती दूर! या नाटकाला चाली दिल्या वझेबुवांनी आणि तेजस्विनी उभी केली दीनानाथांनी. गुलामीची चीड सरळ बोलायची सोय नव्हती त्या दिवसांत ती गाण्यातून बोलली गेली. तिथे लोण्यासारखा सूर चाललाच नसता. धार पाहिजे होती, ती या गळ्यात होती. त्या पदांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी, मागे खरखर, आणि तरीही प्रत्येक अक्षर स्पष्ट. शब्द भिजून जातो म्हणणाऱ्यांना या तबकड्याच उत्तर देतात असे आम्हाला वाटते.

१९३१ साली सावरकरांचे संन्यस्त खड्ग बळवंत मंडळीने केले. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारची नजर असलेल्या लेखकाचे नाटक घेणे हे धाडसच होते. त्यात सुलोचनेची भूमिका दीनानाथांची. सावरकर परक्या शब्दांना मराठीतून हुसकावणारे, भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांची पदे लोकांच्या ओठांवर नेली ती मात्र पोर्तुगीज मुलखातल्या, कोंकणी घरातल्या, पंजाबी ढंगाने गाणाऱ्या माणसाने. याची गंमत आम्हाला वाटते, वाचकांनाही वाटेल.

घरातही एकच भाषा नव्हती. पहिली पत्नी तापीकाठच्या थाळनेरची, गुजराती घरातली. लग्न १९२२ चे. ती लवकर वारली आणि धाकट्या बहिणीशी दीनानाथांचे लग्न झाले, त्याच पुढे माई मंगेशकर. थोरली मुलगी लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मली ती इंदूरला, होळकरांच्या गावी. मग मीना, आशा, उषा, आणि शेवटी हृदयनाथ. बाप गोव्याचा, आई गुजराती वळणाची, लेक माळव्यात जन्मलेली, बिऱ्हाड सांगलीला. या घरातल्या मराठीला अशुद्ध म्हणायची आजवर कोणाची छाती झालेली नाही.

पुढचे दिवस थोडक्यात सांगतो. बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे तंबू एकामागून एक उतरले. बळवंत मंडळीने १९३३ साली विश्राम बेडेकरांचे ब्रह्मकुमारी केले. बेडेकरही मूळ अमरावतीचेच. नंतर कंपनीने स्वतः चित्रपटात उडी घेतली. १९३४ साली कृष्णार्जुन युद्ध निघाला, पण पैसा बुडाला. कंपनी मिटली. कर्ज, फिरती, छोट्या मैफली, मधून मधून एखादा प्रयोग. ज्योतिषाचा नाद होता, पत्रिका मांडीत बसत. प्रकृतीनेही साथ सोडली. याच पडत्या काळात छोटी लता बापाबरोबर रंगभूमीवर उभी राहिली आणि सौभद्रातल्या नारदाची पदे म्हणून गेली.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ वारले. वय एक्केचाळीस. ज्याच्या गाण्याला थिएटरे भरत, त्याच्या घरात मागे ठेवण्यासारखे होते ते एक तंबोरा आणि पाच मुले. थोरली बारा वर्षांची. त्याच वर्षी तिने पोटासाठी चित्रपटात काम धरले, पुढे काय झाले ते सांगायची गरज नाही. २०२२ साली तीही गेली.

कंपनीतले दिवस चिंतामणराव कोल्हटकरांनी बहुरूपी या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहेत. ते पुस्तक साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. सौंसर-पांढुर्ण्यातल्या ज्या शाळेत अजून मराठी शिकवली जाते, तिथल्या गुरुजींनी ते मिळवून मुलांना वाचून दाखवावे अशी आमची विनंती आहे. नाटकवाल्यांची भाषा आहे, पोरांना कंटाळा येणार नाही. पणजीच्या कला अकादमीतल्या नाट्यगृहाला दीनानाथांचे नाव आहे, मुंबईत पार्ल्याला आहे, पुण्यात इस्पितळाला आहे. आपल्या मध्य प्रदेश सरकारने १९८४ पासून गायन-संगीतासाठी जो राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, तो इंदूरला जन्मलेल्या लेकीच्या नावाचा. त्यातले आडनाव मंगेशीच्या त्या पोराने लावलेले.