आभाळातून उतरणारी पेटी

मैत्रिणींनो, थंडीच्या दिवसांत पेपरात कधी कधी एक छोटी सूचना येते. हैदराबादहून मोठाले बलून सोडणार आहेत, त्यांना बांधलेली पेटी पॅराशूटनं कुणाच्या रानात उतरली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. पेटी आपल्या मराठवाड्यातही उतरू शकते. आणि आपला स्वभाव कसा, पेटी दिसली की आधी झाकण उचकटायचं! पण तिच्यात कुणाची तरी वर्षावर्षांची मेहनत असते.

हे बलून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. ही संस्था उभी केली डॉ. होमी भाभांनी. अणुशक्तीमुळे त्यांचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, ही बाजू मात्र कुणी फारशी सांगत नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरातला. मुलानं इंजिनिअर व्हावं अशी घरच्यांची इच्छा. केंब्रिजला जाऊन त्यांनी ती पुरी केली आणि मग मन होतं त्या पदार्थविज्ञानाकडे वळले. १९३९ मध्ये सुट्टीला घरी आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं. ते इथंच राहिले, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे.

त्यांचा विषय होता अवकाशातून येणारे वैश्विक किरण. आपल्या डोक्यावरची हवा ते पुष्कळसे अडवते, म्हणून मोजणारं यंत्रच वर न्यायला हवं. पण वर गेल्यावर ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? शिवाय मोजणारी नळी कधी उगाचच टिकटिकते. म्हणून नळ्या एकीखाली एक लावायच्या, आणि सगळ्या एकदम वाजल्या तरच आकडा धरायचा. अशा मांडणीला शास्त्रज्ञ दुर्बीणच म्हणत. मला तर आमचा बचत गट आठवला. एकटीच्या सहीवर पैसे निघत नाहीत!

१९४५ मध्ये संस्था सुरू झाली. १९४९ मध्ये बिभा चौधुरी तिथल्या पहिल्या महिला संशोधक झाल्या. त्या काळी बाईला प्रयोगशाळेत जागा देणं सोपं नव्हतं, हे मला विशेष वाटतं. साठच्या सुमारास तर संस्थेतल्या मंडळींनी आकडेमोडीसाठी स्वतःचा संगणकही बांधला.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय अवघं ५६. हैदराबादचं बलून केंद्र त्यांना बघायला मिळालं नाही, ते १९६९ मध्ये झालं. २८ सप्टेंबर २०१५ ला भारताची ॲस्ट्रोसॅट ही दुर्बीण सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर गेली. तिच्यातली तीन उपकरणं भाभांच्याच संस्थेत घडलेली. तिचे आकडे रेडिओ लहरींवरून बंगळुरूजवळ उतरत, आणि एका उपकरणाचे तर तपासायला आपल्या पुण्यात, आयुकात येत.

बलूनची पेटी मात्र पॅराशूटनंच खाली येते. रानात दिसली तर पोरांना लांब ठेवा, आत जास्त दाबाची वीजही असू शकते. पोलीस ठाण्यात कळवा. कळवणाऱ्याला बक्षीस देतात म्हणे!