गोनीदा : मावळात विसावलेला भटका

गोपाल नीलकंठ दांडेकर ऊर्फ गोनीदा यांचे नाव घेताच मराठी वाचकाला सह्याद्रीतील दुर्ग आठवतात. मात्र, या दुर्गप्रेमाआड कोवळ्या वयात घराला पारखा झालेला एक मुलगा होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कादंबऱ्यांतील एकाकीपण आणि ओढ पुरती उलगडत नाही.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी शाळा सोडली आणि घरही. ज्या वयात आईची सावली हवी, त्या वयात उपासमार आणि अनोळखी वाटा त्यांच्या वाट्याला आल्या. गाडगे महाराजांचा संदेश घेऊन ते गावोगाव फिरले, वेदान्ताचे अध्ययन केले, नर्मदेची परिक्रमा पायी केली. या दिवसांची कहाणी सांगणाऱ्या 'स्मरणगाथा' या आत्मकथनात्मक कादंबरीला १९७६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

स्वातंत्र्यानंतर हा भटका मावळातील तळेगाव दाभाडे येथे स्थिरावला आणि लेखणीवर संसार चालवू लागला. पुणे-मुंबई लोहमार्गावरील या गावापासून लोणावळ्याच्या परिसरातील दुर्ग फार दूर नव्हते. त्या डोंगरांतच त्यांना आपली माणसे भेटली. 'पवनाकाठचा धोंडी' या कादंबरीचा नायक तुंग किल्ल्याच्या हवालदारकीचा वारसा जिवापाड जपणारा. काळ बदलला तरी त्याचे मन गडापासून हलत नाही.

लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी 'माचीवरला बुधा' घडते. मुंबईतील आयुष्य मागे टाकून वृद्ध बुधा आपल्या माचीवर परततो. झाडे, पाखरे आणि मुकी जनावरे हेच त्याचे गणगोत. त्याच्या एकटेपणात कुढणे नाही. आहे ती मातीशी एकरूप होण्याची आस. घर सोडून गेलेल्या मुलाला जे परतणे साधले नाही, तेच लेखकाने बुधाच्या पदरी घातले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हीच हुरहुर मावळाबाहेरच्या कथांतही आहे. कोकणातील 'शितू'मध्ये बालविधवेची अव्यक्त प्रीती आहे, तर 'पडघवली'त ओस पडत जाणाऱ्या गावाची व्यथा. 'कुणा एकाची भ्रमणगाथा'तील परिक्रमावासी विरक्ती आणि माया यांच्या ओढाताणीत सापडलेला. या माणसांना कोणी खलनायक एकटे पाडत नाही. रूढी, काळ किंवा स्वतःची निवडच त्यांना दूर नेते. म्हणूनच त्यांचे दुःख आक्रोश न करताही वाचकाला भिडते.

१ जून १९९८ रोजी पुण्यात गोनीदांचे निधन झाले. राजमाचीची वाट चढणाऱ्या अनेकांच्या मनात आजही बुधाची झोपडी असते. वाट्याला आलेल्या पोरकेपणाचे गोनीदांनी कधी भांडवल केले नाही. त्यातून इतरांचे एकटेपण ओळखणारी नजर मात्र त्यांनी कमावली.