फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्मारक कसे? जाणून घ्या

इटलीतील फ्लॉरेन्सच्या जुन्या शहरात पर्यटकांची गर्दी असते ती कॅथेड्रलमध्ये. तिथे चित्रकार पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेले २४ तासांचे घड्याळ आहे. त्याचा काटा उलटा फिरतो आणि सूर्यास्ताला दिवस संपवतो. तिथून आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेला गेले, की कॅशिने उद्यानाच्या टोकाला छत्रीखाली एका भारतीय तरुणाचा रंगीत अर्धपुतळा दिसतो. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे).

कोण होते राजाराम महाराज?
जन्म १३ एप्रिल १८५०. दत्तक येऊन १८६६ मध्ये, वयाच्या १६व्या वर्षी ते गादीवर बसले. राजर्षी शाहू महाराज दत्तक आले, ते यानंतर १८ वर्षांनी.

युरोपला का गेले?
समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे मानणारा तो काळ. तरीही जग स्वतः पाहण्यासाठी महाराज १८७० मध्ये इंग्लंडला निघाले. तिथे त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंटचे कामकाज पाहिले. रोज काय पाहिले, याची नोंद ते इंग्रजीत ठेवत. त्यांची ही रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती पाहायला महाराज नव्हते.

फ्लॉरेन्समध्ये काय घडले?
परतीच्या प्रवासात त्यांची प्रकृती ढासळली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे २०. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि तिथे दहनाची प्रथा नव्हती. सोबतच्या मंडळींनी अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीनेच करण्याचा आग्रह धरला. खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक झाले. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्यानुसार उभा राहिला.

आज आठवण काय उरली?
कोल्हापूरचे राजाराम कॉलेज याच महाराजांच्या नावाने आहे. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज वेगळे, ते तिसरे. फ्लॉरेन्समध्ये मात्र स्मारकाला ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’, एवढेच म्हणतात. जवळच्या पुलालाही तेच नाव आहे. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. कोल्हापूरहून इटलीला जाणाऱ्यांनी घड्याळ पाहून झाल्यावर संगमापर्यंतही जायला हवे.