डी. व्ही. गुंडप्पा आणि मतदाराची पात्रता

आधुनिक कन्नड साहित्यात देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा, म्हणजेच डीव्हीजी, हे नाव प्रामुख्याने ‘मंकुतिम्मन कग्ग’ या काव्यामुळे घेतले जाते. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ९४५ चतुष्पदींच्या या ग्रंथाने कर्नाटकातील घराघरांत जे स्थान मिळविले, त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा दुसरा आणि कालमानाने अधिक दीर्घ असा भाग काहीसा झाकोळला गेला. हा भाग नागरिकाच्या राजकीय शिक्षणाचा होय. मत देण्याचा अधिकार कोणाला असावा, त्यासाठी ज्ञानाची काही किमान अट असावी काय, आणि असावी असे मानले तर ती कसोटी लावणार कोण, हे प्रश्न ज्या काळात आणि ज्या भूमीत व्यवहारात उतरत होते, त्याच काळात व भूमीत गुंडप्पांची जडणघडण झाली.

त्यांचा जन्म १७ मार्च १८८७ रोजी कोलार जिल्ह्यातील मुळबागल येथे झाला. शालेय शिक्षणात त्यांना संस्कृत आणि इंग्रजी यांचा परिचय झाला. परंतु मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. औपचारिक शिक्षण तेथेच संपले. काही काळ शिक्षकी, काही काळ कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात सोड्याच्या कारखान्यात नोकरी, आणि मग उपजीविकेच्या शोधात बंगळूर, असा त्यांच्या तरुणपणाचा क्रम आहे. ज्या माणसाने पुढे राज्यशास्त्रावर कन्नडमध्ये ग्रंथ लिहिले आणि ज्याला म्हैसूर विद्यापीठाने १९६१ साली सन्माननीय डी. लिट. दिली, त्याच्यापाशी शाळेच्या अखेरच्या परीक्षेचे प्रमाणपत्रही नव्हते. पुढील विवेचनात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गुंडप्पांच्या जन्माच्या सहा वर्षे आधी, ७ ऑक्टोबर १८८१ रोजी, दिवाण सी. व्ही. रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने म्हैसूरच्या प्रजाप्रतिनिधी सभेचे पहिले अधिवेशन भरले होते. १४४ सभासदांची ही सभा केवळ सल्लागार होती. कायदे करण्याचा वा अंदाजपत्रक नाकारण्याचा अधिकार तिला नव्हता. आरंभी सभासद निवडून येत नसत. शेषाद्री अय्यर यांच्या दिवाणगिरीत निवडणूक आली, आणि निवडणुकीबरोबरच मतदार कोण हा प्रश्नही आला. उत्तर त्या काळाला साजेसेच होते: जो विशिष्ट रकमेचा शेतसारा किंवा व्यवसायावरील कर भरतो तो मतदार, आणि विद्यापीठाची पदवी हीही पात्रतेची एक खूण मानली गेली. संपत्ती आणि विद्या या दोहोंपैकी एकही ज्याच्याजवळ नाही, त्या बहुसंख्य प्रजेने आपली गाऱ्हाणी इतरांकरवी सभेपुढे मांडावी, अशी ही व्यवस्था होती. रंगाचार्लूंविषयी गुंडप्पांना आयुष्यभर नितांत आदर होता. त्यांनी त्यांचे चरित्रही लिहिले. मात्र हा आदर ज्या संस्थेमुळे होता, तिचे दार लिहिणाऱ्याच्याच वर्गातील बहुतेकांना बंद होते, ही विसंगती चरित्रकाराने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

बंगळूरला गुंडप्पा पत्रकारितेत शिरले. १९०८ मध्ये म्हैसूर सरकारने वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्या वेळचे दिवाण व्ही. पी. माधवराव हे तंजावरकडील मराठी कुटुंबातले होते. त्यांनीच त्रावणकोरात दिवाण असताना १९०४ मध्ये लोकसभेसारखी संस्था उभारली होती, आणि म्हैसुरात १९०७ मध्ये विधिपरिषदही स्थापली होती. प्रातिनिधिक संस्था वाढविणाऱ्या हातांनीच वृत्तपत्रांचा गळा आवळावा, यात त्या पिढीतील प्रशासकांचा स्वभाव दिसतो: प्रजेने सल्ला द्यावा, पण तो सरकारने आखून दिलेल्या जागी व वेळी. या कायद्याने अनेक पत्रे बंद पडली. १९१३ मध्ये, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, गुंडप्पांनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. विश्वेश्वरय्यांशी त्यांचा स्नेह होता, तरी संस्थानी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती हवी ही भूमिका त्यांनी कधी सोडली नाही. सरकारी कामाबद्दल मिळालेले धनादेश त्यांनी वटविलेच नाहीत, असे सांगितले जाते.

त्यांच्या विचारांचा खरा उगम मात्र पुण्यात शोधावा लागतो. गोपाळ कृष्ण गोखले यांना गुंडप्पांनी गुरुस्थानी मानले आणि त्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले. गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर जमीनदारही होते. प्रजा अशिक्षित म्हणून तिला सत्ता नको, असे म्हणणाऱ्यांनीच तिला शिक्षण देण्याचा प्रस्ताव पाडला. मताधिकाराला ज्ञानाची अट घालण्याच्या युक्तिवादातील सर्वांत दुबळी जागा या एका मतदानाने उघडी पडते. म्हैसूरमध्ये १९१३ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा गोखल्यांचे अपुरे राहिलेले काम एका संस्थानाने अंशतः हाती घेतले, असे म्हणता येईल.

१९२३ मध्ये म्हैसूरच्या दोन्ही सभांची पुनर्रचना झाली. तिचा आराखडा तत्त्वज्ञ आणि तौलनिक साहित्याचे आद्य अभ्यासक ब्रजेंद्रनाथ सील यांच्या समितीने तयार केला. ते त्या वेळी म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. मालमत्तेची अट सौम्य झाली, स्त्री असणे ही अपात्रता उरली नाही. परंतु प्रौढ मताधिकार दूरच राहिला. १९२६ ते १९४० या काळात गुंडप्पा विधिपरिषदेचे सभासद होते. १९३२ मध्ये मडिकेरी येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. या वर्षांतील त्यांचे बरेचसे लेखन संस्थाने आणि भावी भारतीय संघराज्य यांच्या संबंधांविषयी आहे.

याच सुमारास मुंबई इलाख्यात या प्रश्नाला अगदी वेगळ्या बाजूने भिडणारा एक विचारवंत उभा होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. मे १९२९ मध्ये सायमन आयोगाच्या संदर्भात लिहिलेल्या आपल्या स्वतंत्र अहवालात तर त्यांनी साक्षरतेच्या कसोटीचा मुळापासून समाचार घेतला. निरक्षर मनुष्य अडाणीच असतो असे नाही आणि साक्षरतेने शहाणपण येतेच असेही नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरांपासून दूर ठेवले, त्यांना अक्षरे येत नाहीत म्हणून मत नाकारणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा अन्याय रचणे होय. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वाचनाच्या आणि राज्यघटनेच्या अर्थाच्या परीक्षा घेऊन कृष्णवर्णीयांना मतदानापासून कसे रोखले गेले, हे जगाने पाहिले आहे. १९६५ चा कायदा होईपर्यंत तो प्रकार तेथे चालू होता. परीक्षा घेणारा कोण, यावर परीक्षेचा निकाल ठरत असे.

राज्यघटनेने हा वाद तत्त्वतः मिटविला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद झाली, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता होती १८ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी पेटी ठेवून मतदान पार पडले. घटना स्वीकारली जात असताना राजेंद्रप्रसादांनी खंत व्यक्त केली ती मतदाराच्या नव्हे, तर विधिमंडळाच्या सभासदाच्या पात्रतेची कसोटी नसल्याबद्दल. पदवीला मान देण्याची जुनी रीत मात्र समूळ गेली नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या विधानपरिषदांत पदवीधरांचे मतदारसंघ आजही आहेत.

या बदलाची चाहूल लागली असतानाच, १९४५ मध्ये, गुंडप्पांनी बंगळूरला गोखले सार्वजनिक व्यवहार संस्था स्थापन केली. पुण्याची गोखले संस्था अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी आहे. बंगळूरची संस्था सामान्य नागरिकासाठी. ग्रंथालय, व्याख्याने, अभ्यासमंडळे, नियतकालिक, आणि कोणत्याही पक्षाशी बांधिलकी नाही, अशी तिची रचना. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, हा गोखल्यांचा विचार तिने बोधवाक्य म्हणून स्वीकारला. मतदाराला दारात अडवून त्याची परीक्षा घेण्याऐवजी, त्याला मत मिळाले आहे हे गृहीत धरून त्याच्यापर्यंत ज्ञान न्यावे, हा या कार्याचा रोख होता. तो योग्यच होता. परंतु बुल टेंपल रस्त्यावरील या वास्तूत व्याख्यानाला जमणारे श्रोते बहुतांशी आधीच शिकलेले होते. शेतमजूर किंवा गिरणीकामगार तेथे क्वचितच पोहोचला असेल. गुंडप्पांच्या राजकीय चिंतनाची मर्यादा हीच आहे: व्यक्तीच्या विवेकावर त्यांचा भर इतका की, विवेक वापरण्याची संधी जातीने आणि दारिद्र्याने कशी हिरावली जाते, याचा विचार त्यांच्याकडे आंबेडकरांइतका धारदार होत नाही.

आणि तरीही ‘कग्ग’ विसरता येत नाही. या काव्याचा वक्ता तिम्म हा मंकु, म्हणजे मंदबुद्धीचा, म्हणून ओळखला जातो. विश्वाच्या कोड्याविषयीचे सर्व चिंतन कवीने या मंदाच्या मुखी घातले आहे. ती केवळ विनयाची रूढ तऱ्हा असेल. परंतु मॅट्रिक न झालेल्या कवीने शहाणपणासाठी निवडलेला हा मुखवटा अभ्यासकाने नुसता अलंकार मानून सोडून देऊ नये.

उत्तरायुष्यात गुंडप्पांना सन्मान मिळाले: १९६७ मध्ये भगवद्‌गीतेवरील ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९७४ मध्ये पद्मभूषण. १९७० मध्ये बंगळूरच्या रवींद्र कलाक्षेत्रात झालेल्या सत्कारात अर्पण केलेली थैली त्यांनी गोखले संस्थेला देऊन टाकली. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. देशात आणीबाणी होती. जूनमध्ये बंगळूरलाच अटक झालेले मधु दंडवते स्थानबद्ध होते. पुढे मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा साक्षरतेत मागे असलेल्या उत्तर प्रदेशाने सत्ताधारी पक्षाला ८५ पैकी एकही जागा दिली नाही. तुलनेने अधिक साक्षर कर्नाटकाने त्याच पक्षाला २८ पैकी २६ जागा दिल्या. सक्तीच्या नसबंदीची झळ उत्तरेला अधिक बसली होती, हे या फरकाचे एक उघड कारण. दक्षिण बंगळूरने मात्र के. एस. हेगडे यांना निवडून दिले. १९७३ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी ज्येष्ठता डावलली गेली म्हणून राजीनामा दिलेल्या न्यायमूर्तींपैकी ते एक होते.