दत्तूचे वडील

आजचं वचन: २ तीमथ्य २:२

पौल तीमथ्याला विश्वास पुढच्यांच्या हाती सोपवायला सांगतो. पण सोपवायचा कसा? रविवारी मुलांना शिकवताना मला हा प्रश्न पडतो, आणि आठवतात रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या सोनईजवळच्या राहुरीतही ते काही काळ राहिले होते.

१८६१ साली कोकणात ब्राह्मण घरात जन्म. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू काही वर्षं दूर राहिले. बाप जिवंत असून मुलगा बापाविना वाढत होता. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळं घेऊनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.

नंतर नगरच्या घरात ठोंबरे नावाचा एक हिंदू तरुण राहिला. तोच बालकवी. टिळकांनी त्याला मुलासारखं जपलं, पण धर्माची अट घातली नाही.

१९१९ मध्ये टिळक गेले, 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय लिहिला तो त्याच दत्तूने!

आपल्या मुलांवर घरचं, गावचं, मित्रांचं दडपण असतंच. त्यात आपलं आणखी कशाला? दार उघडं ठेवू या.

प्रभू, मला वाट पाहायला शिकव. आमेन.